दारू सोडण्याचे पहिले दिवस : प्रतिज्ञा, सोबत आणि आपला विहार



विहाराच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या या स्मरणिकेत विहाराची जागा कशी मिळाली, वर्गणी कशी जमली, मूर्ती कुठून आणली हे सारे इतर लेखांत येईलच. आम्ही मात्र अशा एका गोष्टीचा इतिहास लिहायचे ठरवले, की जिची नोंद विहाराच्या कोणत्याही वहीत नाही. ती गोष्ट म्हणजे आपल्या माणसांनी दारू सोडली ती कशी? सोडताना पहिल्या दिवसांत त्यांना कोणाचा आधार मिळाला? आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांचे काय झाले?

हा विषय काढला की काही जण म्हणतात, "कशाला घरची धुणी चव्हाट्यावर धुता?" त्यांचे म्हणणे आम्हाला समजते. पण आपल्यापैकी किती घरे अशी आहेत, जिथे आजोबा, चुलते, मामा, नाही तर प्रत्यक्ष बाप या दारूपायी गेला नाही? ज्या घरात हे घडले त्या घराला गप्प बसून काय मिळाले? म्हणून लिहितो आहोत. कोणाचेही नाव घेतलेले नाही, घेण्याची गरजही नाही.

दारू आली कुठून?

आपल्या समाजाला दारू जन्मापासूनच चिकटलेली आहे, असे बोलणारे लोक पूर्वीही होते, आजही भेटतात. इतिहास काही तसे सांगत नाही. इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी आबकारी कायदा केला. दारू गाळण्याचे आणि विकण्याचे हक्क सरकारने आपल्या मुठीत घेतले, मक्ते दिले आणि तिजोरी भरली. दारूची विक्री वाढली की सरकारचे उत्पन्न वाढते, असे गणित तेव्हापासून बसले ते आजतागायत.

या गणिताला पहिला खडा सवाल करणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते. ते १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून त्याला विरोध केला. एका बाजूला लोकांच्या आरोग्यावर खर्च करायचा आणि दुसऱ्या बाजूला कुटुंबे उद्ध्वस्त करणारी दुकाने वाढू द्यायची, हे त्यांना पटणारे नव्हते. म्हणजे दारू हा केवळ पिणाऱ्याच्या मनाचा दुबळेपणा नसून तिच्यामागे विकणाराही असतो, हे आपल्या या गुरूने जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

आपली माणसे गाव सोडून मुंबईला आली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेच्या सफाई खात्यात लागली. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा माणसे. अंगमेहनत अशी की रात्री हाडे ठणकायची. गटारात उतरणाऱ्याला तर घोटभर घेतल्याशिवाय उतरवायचे नाही, असे जुने लोक सांगतात. गुत्ता मात्र हाकेच्या अंतरावर. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर तिघे जण उभे असायचे. एक व्याजाचे पैसे वसूल करणारा, दुसरा गुत्त्याकडे ओढून नेणारा दोस्त आणि तिसरी घरची बाई, कडेवर पोर घेऊन. पहिला कोणाच्या हाती तो लागेल, त्यावर त्या महिन्याची चूल अवलंबून!

महाडपासून नागपूरपर्यंत

परमपूज्य बाबासाहेबांनी हे सारे आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. परळच्या चाळीत ते स्वतः राहिलेले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरली, तेव्हा ते आपल्या आयाबहिणींशी वेगळे बोलले. अंगावरचे कपडे, दागिने, मुलांचे शिक्षण या गोष्टींबरोबर त्यांनी दारूचाही विषय काढला. नवरा असो वा मुलगा, तो पिणारा असेल तर त्याला जेवू घालू नका, असे त्यांनी स्पष्ट बजावले. त्या काळी नवऱ्यापुढे मान वर न करणाऱ्या बायांना हे सांगणे म्हणजे केवढी मोठी गोष्ट! घराच्या चुलीवर बाईचा हक्क आहे आणि त्या हक्काच्या जोरावर ती घर वाचवू शकते, हा त्यातला अर्थ.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात बाबासाहेबांनी पूज्य भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर आपल्या लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. पण पंचशील असतानाही बाबासाहेबांनी दारूची प्रतिज्ञा वेगळी, साध्या मराठीत, ज्याला त्याला कळेल अशी घेतली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. ही प्रतिज्ञा कोणी एकट्याने, घराच्या कोपऱ्यात बसून घेतली नाही. नवरा-बायको, सासू-सून, शेजारी-पाजारी, अख्खे गावचे गाव एका मैदानावर उभे राहून मोठ्याने बोलले. परत गावी गेल्यावर ज्याला त्याला ठाऊक, की याने शब्द दिला आहे. संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळले तर शेजारची म्हातारी विचारायची, "काय रे, बाबांना काय बोलून आलास?" प्रतिज्ञेला बळ होते ते या सोबतीचे. अनेकांची दारू त्या दिवसापासून सुटली ती पुन्हा कधी हातात आली नाही, हे आपल्या घराघरांतले वृद्ध सांगत आले आहेत.

पण अवघ्या सात आठवड्यांत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरला अंत्यसंस्काराच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लाखो लोकांना दीक्षा दिली. रडत रडत लोकांनी प्रतिज्ञा घेतल्या. बाप गेलेल्या पोरांनी बापाच्या चितेजवळ दिलेला तो शब्द होता. तो पाळायला रोजच्या रोज मदत करील असा विहार मात्र तेव्हा गल्लोगल्ली नव्हता. आपली वंदना कोणाच्या तरी ओट्यावर, नाही तर समाजमंदिराच्या पत्र्याखाली व्हायची.

कायद्याने काय केले?

कोणी म्हणेल, सरकारची दारूबंदी होतीच की! होती. ऑगस्ट १९३९ मध्ये मुंबई शहरात काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी आणली. बाबासाहेब त्या वेळी विधिमंडळात होते. दारूच्या बाजूचे तर ते नव्हतेच, पण या धोरणापायी सरकारी उत्पन्न सोडायचे आणि गरिबांच्या शिक्षणाला पैसा नाही म्हणायचे, यावर त्यांनी टीका केली. स्वातंत्र्यानंतर मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून राज्यभर बंदी लागू झाली. श्रीमंतांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर परवाना मिळायचा. गरिबाला मिळाली हातभट्टी. रेल्वे लाइनच्या कडेला, नाल्यात, खाडीच्या झुडपांत नवसागर आणि काळा गूळ सडू लागला. दारू गेली नाही, ती फक्त अंधारात गेली. पोलिसांचा हप्ता वाढला आणि विषारी दारूने माणसे मरू लागली. १९६० च्या दशकात बंदी सैल झाली, नंतर देशी दारूची परवाना दुकाने आली. विषारी दारूचे मरण मात्र थांबले नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर गरीब माणसे त्यातच मेली.

कायदा नको असे आमचे म्हणणे नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीची बंदी तर गावोगावच्या लोकांनी चळवळ करून मिळवलेली. पण चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. सांगायचे इतकेच, की कायदा दुकान बंद करतो, माणसाच्या अंगातली ओढ बंद करीत नाही. त्यासाठी दुसरेच काही लागते.

पहिले चार दिवस

आता जी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली ती सांगतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली तर त्याचे शरीर बंड करते. पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, मळमळते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी मारायला आले असे वाटते, माणूस ओळखत नाही. वेळीच औषध मिळाले नाही तर यात जीवही जातो.

आमच्या वस्तीत पूर्वी असे झाले की लोक म्हणायचे, "याला बाहेरचे झाले." मग लिंबू उतरव, अंगारा लाव. अंधश्रद्धा सोडली म्हणणारी आम्ही माणसे, पण भीतीने पुन्हा तिकडेच वळायचो. नाही तर दुसरा उपाय, म्हणजे "दे त्याला थोडी, शांत होईल." एक घोट पोटात गेला की थरथर थांबायची आणि प्रतिज्ञा तिथेच मोडायची. त्या माणसाला आम्ही शब्दाचा कच्चा ठरवायचो. खरे तर तो शब्दाचा कच्चा नव्हता. तो आजारी होता आणि आमच्यापैकी कोणाला ते ठाऊक नव्हते.

म्हणून आज प्रत्येक घराला आमचे सांगणे आहे, की रोज भरपूर पिणारा माणूस सोडायचे म्हणाला तर आधी त्याला सरकारी इस्पितळात किंवा जाणत्या डॉक्टरकडे न्या. झोपेचे व थरथर थांबवणारे औषध, ब-१ जीवनसत्त्व आणि काही दिवसांची देखरेख एवढ्यावर पहिला कठीण घाट पार होतो. त्याला खोलीत कोंडून, बाहेरून कडी लावून दारू सोडवायची नसते.

एकाने दुसऱ्याशी बोलावे

शरीर चार-आठ दिवसांत सावरते. मनाचे काय? संध्याकाळचे सात वाजले, पगार हातात पडला, दोस्ताने हाक मारली, घरात भांडण झाले की मग काय करायचे? या प्रश्नाचे एक उत्तर दूर अमेरिकेत सापडले. १९३५ च्या मे महिन्यात ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी आला होता. पाच-सहा महिन्यांपूर्वीच त्याची दारू सुटली होती. काम फसले, मन बेचैन झाले, हॉटेलातला बार समोर दिसू लागला. त्याने ठरवले, की आपल्यासारख्याच एखाद्या पिणाऱ्याशी बोलायचे. शोधाशोध करता त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरशी पडली. हे डॉक्टर स्वतः दारूत बुडालेले. दोघे तासन्‌तास बोलले. उपदेश केला नाही, आपापली कर्मकहाणी सांगितली. १० जून १९३५ हा डॉक्टर बॉबच्या शेवटच्या पेल्याचा दिवस. तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेचा जन्मदिवस मानतात.

तिथे फी नाही, जात-धर्म विचारत नाहीत, आडनाव सांगावे लागत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. जन्मभराचा विचार नको, फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, असे ते सांगतात. त्यांच्या विचारात ईश्वराचा उल्लेख येतो, तो आपल्याला मान्य होणारा नाही. पण ज्याला जसे समजेल तसे घ्यावे, अशी मोकळीक ते ठेवतात. आपल्यातल्या काहींनी तिथे बसून समोरच्या मंडळींनाच आपला आधार मानले आणि निभावून नेले.

आपल्या महाराष्ट्रात पुण्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट या पती-पत्नींनी ते उभे केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली. डॉ. अनिता अवचट १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये गेले, पण काम चालू राहिले. तिथे बरा झालेला माणूसच नव्याने आलेल्याला धीर देतो आणि घरच्या बाईलाही समजावून सांगितले जाते, की हा आजार आहे, त्यात तुझा दोष नाही. हे शेवटचे वाक्य ऐकून ढसाढसा रडलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. आजवर त्यांना सगळ्यांनी हेच सुनावलेले असते, की "तुझ्या कटकटीनेच तो पितो!"

सागत स्थविरांची गोष्ट आणि आमची चूक

आता स्वतःविषयी लिहायला हवे. विहार उभा राहिला तेव्हा कमिटीने नियम केला, की पिऊन येणाऱ्याला विहारात प्रवेश नाही. नियम योग्यच होता. वंदनेत गोंधळ कोणाला हवा? पण हळूहळू त्या नियमाचा अर्थ आम्ही वाढवला. जो पितो तो विहाराचा नाही, इथवर आलो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तीन वेळा बुद्धमूर्तीपुढे दारू सोडण्याची शपथ घेतली आणि तिन्ही वेळा मोडली. त्यानंतर ते विहाराच्या रस्त्याने जायचेच बंद झाले. लांबून वळसा घालून जायचे. कोणीतरी विचारले तर म्हणाले, "कोणत्या तोंडाने येऊ? तिथे सगळे चांगले लोक असतात." पुढे काही मंडळींनी दारू सोडणाऱ्यांची आठवड्याची बैठक विहारात घेऊ द्या म्हणून अर्ज केला. आम्ही तो परत केला. विहारात दारुड्यांची गर्दी नको, असे बोललो. हे लिहिताना आज लाज वाटते.

आमचे डोळे उघडले ते वर्षावासात एका भन्तेजींनी सांगितलेल्या विनयातल्या एका गोष्टीने. सागत नावाचे भिक्खू मोठ्या ऋद्धीचे. त्यांनी एका भयंकर नागाला वश केले, म्हणून कोसंबीच्या लोकांनी आदराने घरोघरी त्यांच्यासाठी उंची मद्य ठेवले. भिक्षेला गेलेले सागत दारोदारी पीत गेले आणि नगराच्या वेशीवर बेशुद्ध होऊन पडले. भगवान बुद्ध भिक्खुसंघासह तिथून निघाले होते. त्यांनी पाहिले आणि भिक्खूंना काय सांगितले? "सोडा त्याला तिथेच" असे नाही. त्याला उचलून घ्या, असे सांगितले. भिक्खूंनी त्यांना उचलून विहारात आणले. डोके भगवंतांकडे करून निजवले, तर ते नशेत फिरून भगवंतांकडे पाय करून पडले. तेव्हा भगवंतांनी इतरांना दाखवून दिले, की नागाला जिंकणारा हा माणूस आता साध्या पाणसापालाही आवरू शकणार नाही. आणि भिक्खूंनी मद्य पिऊ नये, हा नियम केला. नियम कडकच केला, पण माणसाला आत आणल्यावर केला. हेच सागत पुढे अर्हत झाले आणि तेजोधातूत कुशल असलेल्या भिक्खूंमध्ये भगवंतांनी त्यांना अग्रस्थान दिले.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी दारूचे सहा तोटे सांगितले आहेत. धन जाते, भांडणे वाढतात, रोग जडतात, अपकीर्ती होते, लाज जाते, बुद्धी मंदावते. हे आम्ही फलकावर लिहून भिंतीला लावले होते. पण त्याच सुत्तात पुढे खऱ्या मित्राची लक्षणे आहेत, ती लिहायची राहून गेली. माणूस बेसावध असताना जो त्याला सांभाळतो, त्याच्या चीजवस्तूची राखण करतो, भ्यालेल्याचा आधार होतो, तो खरा मित्र. आणि दारूच्या वेळेपुरता सोबत असतो तो मित्र नव्हे. फलकाची अर्धी बाजूच आम्ही वाचली होती.

त्यानंतर बैठकीला मागची खोली दिली. सुरुवातीला दोघे-तिघे यायचे, दार लोटून बसायचे. काही टिकले, काही घसरले, घसरलेले पुन्हा आले. किती सुटले याचा हिशेब आम्ही ठेवला नाही आणि ठेवणारही नाही. लांबून वळसा घेणारे ते गृहस्थ एका पौर्णिमेला आले, चपलांच्या स्टँडजवळ उभे राहिले. एका ज्येष्ठ बाईने त्यांना काही न विचारता चटईवर जागा करून दिली. ते पुढे बरीच वर्षे नियमित येत राहिले. चटया घालायचे आणि गुंडाळायचे काम शेवटपर्यंत त्यांनी कोणाला करू दिले नाही.

आपण काय करायचे?

बंधू-भगिनींनो, वर्धापनदिनी फुले वाहून, मिरवणूक काढून आपण घरी जाऊ. त्याच मिरवणुकीच्या शेवटी काही पोरे बाटली लपवून नाचतात, हे आपल्याला दिसत नाही काय? जयंतीच्या दिवशी बाबासाहेबांच्या नावाने वर्गणी काढून त्यातलीच दारूत उडवली जाते, तेव्हा सतरावी प्रतिज्ञा कोण मोडतो? पोरांना रागावण्याआधी त्यांना लेझीम, क्रिकेट, वाचनालय असे काही देता येते का, तेही पाहू या.

ज्याच्या घरी हा त्रास आहे त्याने लपवू नये. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत फोनसेवा आहे, इस्पितळे आहेत, विहारातली मागची खोली आहे. ज्याने नुकतीच सोडली त्याला लग्नात, बारशात "एक घे रे, काही होत नाही" असा आग्रह करू नये. त्याचा पगार त्याच्या संमतीने घरच्या बाईच्या हाती जाईल असे पाहावे. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ त्याला एकटे सोडू नये, वंदनेला बोलवावे, निदान सोबत चहाला न्यावे. आणि तो घसरला तर शपथ मोडल्याचा पाढा वाचण्यापेक्षा, सागत स्थविरांना उचलणाऱ्या त्या भिक्खूंची आठवण करावी.

विहाराच्या दारावर पिऊन येऊ नये ही पाटी आजही आहे आणि राहील. तिच्या खाली या वर्षी आम्ही दुसरी पाटी लावली आहे. ज्याला सोडायची आहे त्याने कधीही यावे, असे तीवर लिहिले आहे. ही दुसरी पाटी लावायला आम्हाला इतकी वर्षे लागली, याची नोंद निदान या स्मरणिकेत तरी राहावी.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!